एकच नाव, चार गाड्या : ‘डिझायर’ घेताना मॉडेलचे वर्ष का पाहावे

स्वामीमलै (तमिळनाडू) : कावेरीकाठचे स्वामीमलै हे मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक. तमिळ पंचांगातील साठ संवत्सरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या साठ पायऱ्या चढून भाविक येथे दर्शनाला जातात. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर, त्याच्या भिंतीवरील मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालय आणि कुंभकोणम परिसरातील नवग्रह मंदिरे पाहण्यासाठी आलेली मराठी कुटुंबेही या गावाला वळसा घालून जात नाहीत. आई-वडील, मुले आणि सामान अशा प्रवासासाठी भाड्याने घेतली जाणारी गाडी साधारणतः लहान सेडान असते आणि त्या वर्गात हमखास पुढे येणारे नाव म्हणजे मारुती सुझुकीची ‘डिझायर’.

पुणे, नाशिक वा नागपूरमध्ये पहिली सेडान घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या यादीतही हेच नाव असते. नवी घ्यावी की दोन-तीन लाखांत जुनी, एवढाच काय तो प्रश्न उरतो. प्रत्यक्षात २००८ पासून आजपर्यंत ‘डिझायर’ या नावाने चार वेगवेगळ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. त्यांची लांबी, इंजिन, डिकी आणि मुख्य म्हणजे अपघातात प्रवाशांना वाचविण्याची क्षमता यांत मोठे अंतर आहे. त्यामुळे जुनी गाडी विकत घेताना, तसेच प्रवासासाठी भाड्याने ठरवितानाही, नावापेक्षा उत्पादनाचे वर्ष अधिक महत्त्वाचे ठरते.

मॉडेलच्या वर्षाला असे महत्त्व येणे ही भारतात तुलनेने नवी गोष्ट आहे. १९५८ पासून २०१४ पर्यंत उत्पादनात राहिलेल्या अॅम्बेसेडरचा मूळ साचा अखेरपर्यंत ओळखू येत होता. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनीही अशीच. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा तिच्या जुन्या आणि नव्या मॉडेलमधील फरक जाणकार चालकांनाच सांगता येत असे. त्या काळात जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज, पत्र्याचा गंज आणि मालकाचा शब्द यावर व्यवहार होत. आज तेवढ्याने भागत नाही.

चार पिढ्यांचा प्रवास

मार्च २००८ मध्ये ‘स्विफ्ट डिझायर’ या नावाने आलेली पहिली गाडी ४,१६० मिलिमीटर लांब होती. ‘स्विफ्ट’ या हॅचबॅकला मागे डिकी जोडून ती तयार झाली आणि ‘एस्टीम’ची जागा तिने घेतली. जोड स्पष्ट दिसत असे, पण डिकी ४४० लिटरची होती. सुरुवातीला १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि फियाटच्या परवान्याने तयार होणारे १.३ लिटरचे डिझेल इंजिन असे पर्याय होते. २०१० मध्ये पेट्रोल गाडीला १.२ लिटरचे के-सिरीज इंजिन मिळाले.

दुसरी पिढी फेब्रुवारी २०१२ मध्ये आली आणि गाडी आखूड झाली : ३,९९५ मिलिमीटर. हे पाच मिलिमीटर वाचविण्यामागे कर होता. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत होती. टाटांच्या ‘इंडिगो सीएस’ने ही वाट २००८ मध्येच दाखविली होती. सवलतीची किंमत डिकीने मोजली. ती ३१६ लिटरवर आली. मागच्या आसनावरील प्रवाशांना मात्र थोडी जास्त जागा मिळाली, कारण पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,३९० वरून २,४३० मिलिमीटर झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये या पिढीची रंगसफेदी झाली.

मे २०१७ मध्ये तिसरी पिढी आली. तिच्या नावातील ‘स्विफ्ट’ गळले आणि उरली नुसती ‘डिझायर’. लांबी तीच, पण रुंदी ४० मिलिमीटरने वाढून १,७३५ झाली, डिकी ३७८ लिटरची झाली आणि मागच्या प्रवाशांसाठी वातानुकूलनाचे झरोके आले. नव्या, अधिक मजबूत पोलादाच्या सांगाड्यामुळे वजनही घटले. डिझायरच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच. २०१८ या वर्षात ती देशात सर्वाधिक विकली गेलेली प्रवासी गाडी ठरली, ते याच रूपात. मार्च २०२० अखेर ‘बीएस-६’ निकषांमुळे डिझेल इंजिन बंद झाले आणि पेट्रोलसाठी ९० पीएस शक्तीचे ‘ड्युअलजेट’ इंजिन आले. मार्च २०२२ मध्ये कारखान्यातूनच सीएनजी बसविलेली गाडी मिळू लागली.

चौथी पिढी ११ नोव्हेंबर २०२४ रोजी ६ लाख ७९ हजार रुपयांच्या प्रारंभिक किमतीला दाखल झाली. लांबी-रुंदी कायम, डिकी ३८२ लिटर, पण इंजिन चारऐवजी तीन सिलिंडरचे. वरच्या श्रेणीत सनरूफ आहे. त्याची जाहिरात बरीच झाली, मात्र या पिढीचे खरे महत्त्व अन्यत्र आहे.

एअरबॅगचा हिशेब

पहिल्या आणि दुसऱ्या पिढीत एअरबॅग व एबीएस ही सुविधा मुख्यतः वरच्या श्रेणींपुरती, अथवा जादा पैसे मोजून मिळणारी होती. ‘एलएक्सआय’ किंवा ‘एलडीआय’ या खालच्या श्रेणीतील गाडीत ती नसे. एकाच वर्षी, एकाच रंगाच्या, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन डिझायरपैकी एकीत दोन एअरबॅग आणि दुसरीत एकही नाही, हे २०१२ ते २०१६ या काळातील गाड्यांबाबत सहज संभवते. जुन्या गाडीच्या बाजारात मात्र दोघींच्या किमतीतील फरक बहुधा गाडी किती किलोमीटर धावली यावर ठरतो. सुरक्षिततेचे मोल या व्यवहारात शेवटी येते, हे दुर्दैव आहे.

मे २०१७ च्या गाडीपासून चित्र पालटले. दोन एअरबॅग, एबीएस आणि लहान मुलांचे आसन पक्के बसविण्यासाठीची आयसोफिक्स आकडी सर्व श्रेणींत आली. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलना समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचणीचे निकष लागू झाले. आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्यासाठी १ ऑक्टोबर २०१९ पर्यंत मुदत होती. एप्रिल २०१९ पासून एबीएस, तर १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागील बाजूचे पार्किंग सेन्सर सर्वच गाड्यांना अनिवार्य झाले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग जुन्या मॉडेलमध्येही बंधनकारक होण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला होता. ती सक्ती पुढे झाली नाही.

तरीही नोव्हेंबर २०२४ च्या डिझायरमध्ये सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आणि पाचही आसनांना खांद्यावरून येणारे तीन बिंदूंचे पट्टे सर्व श्रेणींत देण्यात आले. ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे तिला मिळाले. प्रौढांसाठीचे गुण ३४ पैकी ३१.२४ होते. पाच तारे मिळविणारी ही मारुती सुझुकीची पहिलीच गाडी. त्यानंतर २०२५ मध्ये ‘भारत एनकॅप’नेही तिला पाच तारे दिले. तुलनेसाठी, तिसऱ्या पिढीच्या डिझायरशी सांगाड्याचे नाते असलेल्या ‘स्विफ्ट’ला २०१८ च्या चाचणीत दोनच तारे मिळाले होते. दोन्ही वेळच्या चाचण्यांचे नियम वेगळे होते आणि नंतरचे अधिक कडक होते, हे लक्षात घेतल्यास अंतर आणखी ठळक होते.

एअरबॅग ही सीटबेल्टची जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागील आसनावर पट्टा न लावण्याच्या सवयीवर देशभर चर्चा झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागच्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. भाड्याच्या गाडीत मागच्या आसनावर जाडजूड आवरण चढविलेले असेल, तर पट्ट्याची खाच त्याखाली दडपलेली असू शकते. निघण्यापूर्वी ती बाहेर काढून देण्यास चालकाला सांगणे हे गाडीच्या मॉडेलइतकेच महत्त्वाचे आहे.

वर्षाबरोबर महिनाही

गाडी ‘२०१७ ची’ आहे असे विक्रेता सांगतो तेव्हा ती दुसऱ्या पिढीची की तिसऱ्या, हे त्यातून कळत नाही. हीच अडचण २०१२, २०२० आणि २०२४ या वर्षांबाबत आहे. जानेवारी २०१२ ची गाडी लांब डिकीची, मार्चमधील आखूड डिकीची. फेब्रुवारी २०२० मधील गाडी डिझेल असू शकते, मेमधील नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलेली डिझायर तिसऱ्या पिढीची, तर डिसेंबरमधील बहुधा चौथ्या. शिवाय नोंदणीची तारीख आणि उत्पादनाची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर असू शकते. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, उत्पादनाचा महिना व वर्ष स्वतंत्रपणे नोंदलेले असतात. पाहायचे ते हेच.

टॅक्सीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तिसरी पिढी २०१७ मध्ये आल्यानंतरही कंपनीने दुसऱ्या पिढीचा साचा ‘टूर’ या नावाने व्यावसायिक वापरासाठी चालू ठेवला. तिसऱ्या पिढीवर आधारित ‘टूर एस’ २०२३ मध्ये आली. म्हणजे २०१८ किंवा २०१९ मध्ये नोंदलेली पिवळ्या पाटीची डिझायर मूळ रचनेने २०१२ ची असू शकते. तिरुचिरापल्ली विमानतळावरून कुंभकोणम, तेथून स्वामीमलै आणि पुढे दोन-तीन दिवस नवग्रहांची फेरी, अशी गाडी ठरविताना केवळ ‘एसी सेडान’ असे न म्हणता उत्पादनाचे वर्ष आणि एअरबॅगची संख्या विचारणे गैर नाही. नऊ मंदिरांपैकी शनीचे तिरुनळ्ळार हे पुदुच्चेरीच्या कारैकल भागात येते, त्यामुळे परवान्याची चौकशीही त्याच वेळी करावी.

व्यावसायिक वापरातून निवृत्त झालेल्या अशा गाड्या पुढे खासगी नोंदणी करून विकल्या जातात. पांढरी पाटी पाहून त्या ओळखता येत नाहीत. आरसीवरील मॉडेलच्या नावात ‘टूर’ हा शब्द, तसेच ताशी ८० किलोमीटरवर वेग रोखणारी यंत्रणा बसविल्याच्या वा काढल्याच्या खुणा, यावरून तिचा पूर्वेतिहास कळू शकतो.

मूर्ती, सामान आणि सिलिंडर

डिकीचा प्रश्न स्वामीमलैत वेगळ्याच तऱ्हेने समोर येतो. मेणाच्या साच्यातून ओतीव मूर्ती घडविणाऱ्या स्थपतींचे हे गाव आहे. येथील कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि २०२३ मध्ये ‘जी-२०’ परिषदेसाठी दिल्लीच्या भारत मंडपमसमोर उभारलेली सुमारे २७ फूट उंचीची नटराजमूर्तीही येथेच घडली. ती अर्थातच मालमोटारीने गेली. मात्र यात्रेकरू कुटुंबे घरच्या देवघरासाठी घेतात त्या लहान मूर्ती गाडीतूनच नेल्या जातात. या मूर्ती पोकळ नसून भरीव ओतलेल्या असतात. एक लिटर आकारमानाच्या कांस्याचे वजन साडेआठ किलोंच्या आसपास भरते, म्हणून दिसायला बेताची मूर्तीही उचलताना दोन माणसे लागू शकतात. अशी वस्तू मागच्या आसनावर मोकळी ठेवल्यास अचानक ब्रेक लागताच ती पुढच्या प्रवाशावर आदळण्याचा धोका असतो. तिची जागा डिकीतच, तळाशी आणि आसनाच्या पाठीला टेकून.

येथे जुनी गाडी नवीवर मात करते. पहिल्या पिढीची ४४० लिटरची डिकी नंतरच्या एकाही डिझायरला मिळाली नाही. दुसऱ्या पिढीत दोन मोठ्या बॅगा गेल्या की जागा संपते. तिसऱ्या-चौथ्या पिढीत ६०-६५ लिटर जास्त जागा आहे, पण सीएनजीचे सिलिंडर असल्यास तिचा मोठा भाग त्यातच जातो. पाच माणसे आणि आठवड्याचे सामान घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी सीएनजीची डिझायर गैरसोयीची आहे, तिचे मायलेज कितीही आकर्षक असो. २०२० मध्ये बंद झालेली टोयोटाची ‘इटिऑस’ टॅक्सीचालकांची इतकी वर्षे आवडती राहिली, त्यामागे सहाशे लिटरच्या जवळपासची डिकी हे एक कारण होते.

इंजिन आणि इंधन

नवे म्हणजे अधिक ताकदवान, हा समज येथे खरा ठरत नाही. २०२० ते २०२४ मधील चार सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती ९० पीएस होती. नव्या तीन सिलिंडरच्या इंजिनाची सुमारे ८२ पीएस आहे. तीन सिलिंडरचे इंजिन उभ्या गाडीत किंचित जास्त थरथरते, आणि घाटात पाच जण बसल्यावर आधीच्या इंजिनाची सहजता जाणवते. बदल्यात इंधन वाचते. प्रमाणित चाचणीनुसार २०१२ च्या पेट्रोल गाडीचे मायलेज लिटरला १९.१ किलोमीटर होते. ते २०१७ मध्ये २२, २०२० मध्ये २३.२६ आणि २०२४ मध्ये २४.७९ झाले (सर्व आकडे हाताने गिअर बदलण्याच्या गाडीचे). सीएनजीवर चौथ्या पिढीचा आकडा किलोला ३३.७३ किलोमीटर आहे. हे आकडे प्रयोगशाळेतील आहेत. शहरातील वाहतुकीत ते मिळत नाहीत, पण एका पिढीची दुसरीशी तुलना करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

२०१७ च्या डिझेल डिझायरचा प्रमाणित आकडा २८.४० होता. म्हणूनच महामार्गावर भरपूर धावणाऱ्यांत या डिझेल गाडीला अजून मागणी आहे. दिल्ली परिसरातील दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवरील निर्बंध तमिळनाडू वा महाराष्ट्राला लागू नाहीत. मात्र त्या निर्बंधांमुळे उत्तरेतून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांची कागदपत्रे अधिक बारकाईने तपासावी लागतात.

पेट्रोल गाड्यांबाबत नवा मुद्दा २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा आहे. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्या या इंधनाला अनुरूप आहेत. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः पहिल्या दोन पिढ्यांत, रबरी नळ्या व वॉशर यांची वेळोवेळी तपासणी करून घेणे हिताचे. २०२१ मधील नीती आयोगाच्या आराखड्यात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल, तर १० टक्क्यांसाठी घडविलेल्या व २० साठी जुळविलेल्यांचे एक ते दोन टक्के, असा अंदाज दिला होता. जुन्या गाडीच्या कमी किमतीचा हिशेब करताना ही घटही धरावी लागेल.

किंमत आणि कागदपत्रे

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरखालील लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या डिझायरची प्रारंभिक किंमत सुमारे सव्वासहा लाख रुपयांपर्यंत उतरली. याचा थेट परिणाम दोन-तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या व्यवहारावर होतो. २०२३ च्या गाडीसाठी विक्रेता साडेपाच लाखांच्या वर मागत असेल, तर थोड्या जादा रकमेत सहा एअरबॅगची नवी गाडी मिळते, हे घासाघीस करताना सांगण्यासारखे आहे. सध्याच्या परिस्थितीत तीन लाखांच्या आतबाहेर अंदाजपत्रक असलेल्या कुटुंबाने मे २०१७ ही सीमारेषा धरावी. त्याआधीची गाडी घ्यायचीच असल्यास एअरबॅग असलेली वरची श्रेणीच पाहावी. शांत इंजिन आणि पैसा यांचा मेळ घालायचा असेल, तर २०२० नंतरची तिसरी पिढी सर्वांत समतोल ठरते. लहान मुले वा वृद्ध नेहमी सोबत असतील, तर मात्र चौथ्या पिढीला पर्याय नाही.

पहिल्या पिढीच्या गाड्यांपुढे वयाची अडचण आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. २००८ मधील पहिल्या डिझायरची ही मुदत २०२३ मध्येच संपली. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते. त्यासाठी गाडी तपासणीत उत्तीर्ण व्हावी लागते, २०२२ पासून शुल्कही बरेच वाढले आहे आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी गाड्यांना पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. स्वस्त म्हणून घेतलेली २०१० ची गाडी त्यामुळे पहिल्याच वर्षी महाग पडू शकते.

परराज्यातील गाडी घेणाऱ्यांनी आणखी काही बाबी पाहाव्यात. तमिळनाडूत नोंदलेली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये, मालकी हस्तांतरणाचे नमुने २९ व ३०, आणि गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५ आवश्यक असतो. महाराष्ट्राचा रस्ता कर गाडीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो आणि मूळ राज्यात आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तेथेच स्वतंत्र अर्ज करावा लागतो. व्यवहाराची पूर्ण रक्कम देण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्र हाती असावे, तसेच आरसीवरील सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी जुळवून पाहावेत.